पॅकेट रेडिओ: हॅम सेटला संगणक जोडताना नागपूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

हौशी रेडिओचा म्हणजे हॅमचा परवाना मिळाला, सेट घेतला, एकदोन महिने गप्पा मारून झाल्या की बऱ्याच जणांच्या मनात येतं, आता याला संगणक जोडून बघू. तिथून प्रश्न सुरू होतात. अशा आलेल्या प्रश्नांतले जे पुन्हा पुन्हा विचारले गेले ते इथे एकत्र केले आहेत. सेट जोडला पण काम होत नाही, अशी अडचण असेल तर थेट प्रश्न ५ ते ८ वाचा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

१. पॅकेट रेडिओ म्हणजे नेमकं काय?

संगणकातला मजकूर छोट्या तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा कॉलसाइन (रेडिओवरची ओळखीची खूण) घालायचा, शेवटी तपासणीचा आकडा जोडायचा आणि तो तुकडा रेडिओवरून सोडायचा. समोरचा संगणक तपासणीचा आकडा जुळतो का ते बघतो. जुळला तर तुकडा स्वीकारतो, नाही जुळला तर टाकून देतो. त्यामुळे पडद्यावर जे दिसतं ते पाठवलं तसंच असतं, अर्धवट किंवा चुकलेलं अक्षर दिसत नाही. या पद्धतीचे नियम ज्यात बांधले आहेत त्याला एएक्स.२५ म्हणतात.

रेडिओवर हे तुकडे 'टर्रर्र' अशा आवाजात ऐकू येतात. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटांमधले संगणक रेडिओने जोडले होते. हौशी मंडळींमध्ये पहिली पॅकेटं १९७८ साली कॅनडात, मॉन्ट्रिअलला, सुटली.

२. हातात मोबाइल इंटरनेट असताना हा खटाटोप कशासाठी?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत धो धो पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरलं. वीज गेली की मोबाइलचा टॉवर बॅटरीवर किती वेळ तग धरेल हे आपल्या हातात नसतं. बारा व्होल्टची बॅटरी, एक सेट आणि जुना लॅपटॉप एवढ्यावर पॅकेट चालतं. औषधांची यादी, नावं, पत्ते, आकडे असं जे आवाजात सांगताना चुकतं, ते पॅकेटमध्ये जसंच्या तसं पोचतं.

पण हे सगळं पूर येण्याआधी जमलेलं असावं लागतं. ऐन वेळी वायर शोधत बसलात तर उपयोग नाही. म्हणून ही पानं मी एवढ्या कळकळीने लिहितो आहे.

३. परवाना लागतोच का? परीक्षा व्हायची आहे, तोवर काय करू?

पाठवायचं असेल तर लागतोच. परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते आणि अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेली हवीत. परीक्षेत रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन भाग असतात, आणि वरच्या श्रेणीसाठी मोर्सही यावं लागतं. हातात परवाना आला की त्यावर कोणत्या प्रकारच्या उत्सर्जनाला मुभा आहे ते नीट वाचा. एफएम सेटच्या माइकमधून जाणारं १२०० चं (सेकंदाला १२०० बिटांचं) पॅकेट 'एफ२डी' या खुणेखाली येतं.

परीक्षेपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. डायरवुल्फ हा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यासोबत पॅकेटच्या आवाजाची फाइल तयार करणारं आणि तशी फाइल वाचून दाखवणारं अशी दोन साधनं येतात. एका संगणकाच्या हेडफोनमधून दुसऱ्याच्या माइकमध्ये साधी वायर टाकली तरी पॅकेट इकडून तिकडे जातं. त्यात रेडिओ लागत नाही, आणि शिकण्यासारखं निम्मं तिथेच शिकून होतं.

४. कमीत कमी सामान काय लागतं? टीएनसी विकत घ्यावा का?

टीएनसी म्हणजे रेडिओ आणि संगणक यांच्यामधला डबा. ऐंशीच्या दशकात त्याच्याशिवाय सहसा पॅकेट चालत नसे. आज तेच काम संगणकाचं साउंड कार्ड आणि डायरवुल्फ किंवा साउंडमोडेम यांसारखा प्रोग्रॅम करतो, आणि कमजोर सिग्नल वाचण्यात जुन्या डब्यापेक्षा सरस ठरतो.

तेव्हा नवा टीएनसी घेऊ नका. दोन मीटरच्या बँडचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) कोणताही एफएम सेट, दोनअडीचशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड आणि एक केबल एवढ्यावर सुरुवात करा. लॅपटॉपचं स्वतःचं साउंड कार्ड शक्यतो वापरू नका, कारण एखाद दिवशी नोटिफिकेशनची टिंगटिंग हवेत जाईल. जुना टीएनसी कोणी देत असेल तर घ्या, तो 'किस' या पद्धतीत चालवा. माइक चेपोनिस आणि फिल कार्न यांनी १९८७ मध्ये मांडलेली, टीएनसी आणि संगणक यांनी एकमेकांशी बोलायची ही साधी पद्धत आजही जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला कळते.

५. हँडसेटला दोन पिना आहेत. केबल लावली की सेट लगेच ट्रान्समिटला जातो आणि थांबतच नाही. सेट बिघडला का?

सेट ठणठणीत आहे. दोन पिनांच्या हँडसेटमध्ये जाड पिनचा बुडाकडचा धातू आणि बारीक पिनचा बुडाकडचा धातू एकमेकांना टेकले की पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबल्यासारखं होतं. संगणकावर हेडफोन आणि माइक या दोन्ही जॅकची जमीन (ग्राउंड) आतून एकच असते. तुम्ही दोन साध्या वायरी लावल्या की संगणकाच्या पोटात ते दोन धातू जोडले जातात आणि सेट बोलायला लागतो.

उपाय असा, की संगणकाकडून माइककडे जाणाऱ्या वाटेत एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाका, ६०० ओहम्सचा. बर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळाला नाही तर भंगारात जुनं डायलअप मोडेम शोधा. त्याच्या पाटीवर टेलिफोनच्या जॅकजवळ बसलेली काडेपेटीपेक्षा लहान, चौकोनी वस्तू म्हणजे हाच ट्रान्सफॉर्मर. सोल्डरिंग गनने चार पाय मोकळे केले की काम झालं. मी पहिली केबल अशीच केली, आणि ती अजून चालते.

मग पीटीटी दाबायचा कसा? यूएसबी सिरियल केबलची आरटीएस लाइन एका ट्रान्झिस्टरच्या बेसवर द्या, ट्रान्झिस्टर ते दोन धातू टेकवेल. सेटमधली व्हॉक्सची (आवाज आला की आपोआप ट्रान्समिटला जाण्याची) सोय वापरता येते, पण आवाज थांबल्यावरही सेट थोडा वेळ ट्रान्समिटला राहतो आणि तेवढ्यात समोरच्याचं उत्तर हुकतं. चार दिवस चाचणीसाठी व्हॉक्स ठीक, कायमचं नको.

६. आवाजाची पातळी किती ठेवायची?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. पॅकेट बिघडलं म्हणून जितके सेट मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत बिघाड काहीच नव्हता, आवाज जास्त होता.

१२०० च्या पॅकेटमध्ये दोन सूर असतात, एक १२०० हर्ट्झचा आणि दुसरा २२०० हर्ट्झचा. ऐकणारा संगणक या दोघांतला फरक ओळखत असतो. हेडफोनमधून जवळपास एक व्होल्ट बाहेर पडू शकतो आणि सेटच्या माइकला काही मिलीव्होल्ट पुरतात. आवाज पूर्ण वाढवून दिला तर सेटमधला लिमिटर दोन्ही सुरांची डोकी छाटतो, सूर चिरकतात आणि समोरच्याला काहीच वाचता येत नाही. माणसाच्या कानाला मात्र ते मस्त खणखणीत वाटतं. फसगत होते ती इथे.

पाठवण्यासाठी असं करा. वाटेत दहा किलोओहम्सचा प्रीसेट (फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) घाला. दुसरा हँडसेट जवळ ठेवा आणि त्यावर ऐकत पॅकेटचा आवाज हळूहळू वाढवा. एका जागी असं येईल की प्रीसेट फिरवला तरी आवाज वाढत नाही. ती लिमिटरची हद्द. तिथून मागे या, आवाज किंचित कमी झाल्याचं कानाला कळेपर्यंत. डेव्हिएशन (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) मोजायचं यंत्र कोणाकडे असेल तर तीन किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा.

घेण्यासाठी डायरवुल्फ प्रत्येक पॅकेटबरोबर पातळीचा आकडा दाखवतो. तो पन्नासच्या आसपास आला की हात काढून घ्या. कंसात आणखी दोन आकडे दिसतात, ते दोन सुरांचे. त्यांतला दुसरा फारच कमी दिसला तर उंच सूर वाटेत दबतो आहे असं समजा. स्पीकरच्या जॅकमधून घेतलेल्या आवाजात हे थोडं होतंच, आणि चांगला प्रोग्रॅम ते सांभाळून घेतो.

संगणकाच्या सेटिंगमध्ये माइक बूस्ट, आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय आणि 'आवाज सुधारणा' नावाचं जे काही असेल ते सगळं बंद करा. या सोयी माणसाच्या बोलण्यासाठी केलेल्या आहेत. पॅकेटला त्या कोलाहल समजतात आणि पुसून टाकतात.

७. मला सगळ्यांची पॅकेटं वाचता येतात, पण माझं कोणालाच वाचता येत नाही.

पातळी आधी तपासा (प्रश्न ६). ती बरोबर असेल तर टीएक्सडिले बघा. पीटीटी दाबल्यापासून सेट खरोखर पूर्ण ताकदीने सुरू व्हायला काही क्षण लागतात आणि समोरच्याचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडायलाही. तेवढ्यात पॅकेटचं डोकं निघून गेलं तर उरलेलं धड वाया. टीएक्सडिले म्हणजे मजकुराआधी नुसता सूर किती वेळ सोडायचा. किस पद्धतीत हा आकडा दहा मिलिसेकंदांच्या पटीत लिहितात, म्हणजे ३० लिहिलं की ३०० मिलिसेकंद. स्वस्त हँडसेटला ४० किंवा ५० द्या, चालू लागलं की कमी करत या.

ऐकणाऱ्या बाजूला दोन गोष्टी कराव्या लागतात. स्क्वेल्च उघडा ठेवायचा, कारण प्रोग्रॅमला कोलाहलातून पॅकेट ओळखता येतं. आणि हँडसेटमधला बॅटरी बचतीचा पर्याय बंद करायचा. तो चालू असला की सेट मधूनमधून डुलकी घेतो आणि नेमक्या त्याच वेळी पॅकेट येतं.

८. पॅकेट सुटताना माउस गोठतो, यूएसबी तुटतं, कधी पीटीटी दाबलेलाच राहतो.

अँटेनातून निघालेली शक्ती तुमच्याच वायरींत शिरते आहे. सेटला लावलेला लहान अँटेना लॅपटॉपच्या शेजारी असला तर हे होणारच. अँटेना गच्चीवर न्या, केबल आखूड करा, आणि यूएसबीच्या वायरीला दोन्ही टोकांशी फेराइटचे मणी लावा. वायरीचे मण्यातून तीनचार फेरे घेतले तर जास्त बरं.

पीटीटी अडकण्याची गोष्ट मात्र गंभीर आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी मी सेट चालू ठेवून जेवायला खाली गेलो. परत आलो तर खोलीत तापलेल्या प्लॅस्टिकचा वास, लाल दिवा पेटलेला, आणि सेटची पाठ इतकी गरम की हात लावला आणि मागे घेतला. बाहेर पंचेचाळीस अंश, पत्र्याची खोली आणि सेट तासभर अखंड ट्रान्समिटला. फायनल ट्रान्झिस्टर गेला होता. त्याहून वाईट वाटलं ते याचं, की तासभर ती फ्रिक्वेन्सी मी सगळ्यांसाठी बंद करून ठेवली होती. सेटच्या मेनूत टाइम आउट टायमर असतो, तो एक मिनिटावर लावा. पॅकेट सुरू करण्याआधी पहिलं काम हे.

९. १२०० चा वेग फारच कमी वाटतो. ९६०० वर जाऊ का?

१२०० बिट म्हणजे सेकंदाला दीडशे बाइट. २५६ बाइटचा भरलेला तुकडा डोक्याशेपटीसह साधारण दोन सेकंद हवेत असतो. मजकुरासाठी हे पुरतं, फोटोसाठी नाही.

९६०० साठी जी३आरयूएच पद्धत वापरतात, पण ती माइक आणि स्पीकरच्या जॅकमधून जात नाही. तिथले फिल्टर सिग्नलचा आकार मोडतात. मागे सहा पिनांचा डेटा जॅक असलेला मोबाइल सेट हवा. तो नसेल तर सेट उघडून डिस्क्रिमिनेटरवरून (एफएममधून आवाज वेगळा करणाऱ्या भागावरून) वायर काढावी लागते. आधी १२०० वर वर्षभर निर्धास्त चालवा.

१०. कॉलसाइनपुढे लिहिलेले ७, ९ हे आकडे कसले?

एसएसआयडी. एकाच कॉलसाइनवर शून्य ते पंधरा अशी सोळा ठिकाणं चालवता येतात. एपीआरएसमध्ये (पॅकेटचीच एक रीत, बघा प्रश्न १२) गाडीला ९ आणि हँडसेटला ७ लावायचा रिवाज आहे.

११. मराठीत संदेश पाठवता येतो का?

येतो, आणि पाठवावा. घाबरलेल्या माणसाने सांगितलेला पत्ता त्याच्याच शब्दांत गेला तर गोंधळ कमी होतो. फक्त हिशोब माहीत असू द्या. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'नागपूर' या शब्दात सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. 'पूर आला, मदत पाठवा' हे वाक्य ४६ बाइटचं होतं, रोमन लिपीत ते २१ मध्ये बसतं. तरीही २५६ बाइटच्या तुकड्यात मराठीची ऐंशीपंच्याऐंशी चिन्हं मावतात आणि तेवढ्यात नेमकं लिहिणाऱ्याचं काम होतं.

एपीआरएसच्या संदेशाची मर्यादा ६७ ची आहे. ती बाइटमध्ये मोजली गेली तर मराठीची बावीस चिन्हंच उरतात. शिवाय ज्या सेटच्या पडद्यावर फक्त रोमन अक्षरं उमटतात त्यावर मराठीच्या जागी चौकोन दिसतील. समोर संगणक आहे की सेटचा छोटा पडदा, ते विचारून लिपी ठरवा.

१२. एपीआरएस आणि पॅकेट वेगळं आहे का?

तुकडा तोच, रीत वेगळी. नेहमीच्या पॅकेटमध्ये दोन केंद्रं आधी एकमेकांशी जोडली जातात आणि प्रत्येक तुकड्याची पोच देतात. पोच आली नाही तर तुकडा पुन्हा जातो. एपीआरएसमध्ये जोडणी नसते, तुकडा सगळ्यांसाठी सोडला जातो. ज्याला ऐकू येईल त्याने घ्यावा. ही रीत बॉब ब्रुनिंगा यांनी रुजवली. कोण कुठे आहे हे सगळ्यांना कळायला एपीआरएस उत्तम. लांब यादी बिनचूक पोचवायला जोडणीचं पॅकेट.

१३. माझं पॅकेट कामठी, रामटेक, वर्ध्याला पोचेल का?

मैदानी भागात दोन मीटरचा पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो. तीन मजली घराच्या गच्चीवर, जमिनीपासून बारा मीटरवर अँटेना असेल तर त्याचं क्षितिज साधारण चौदा किलोमीटर. समोरचाही तसाच असेल तर अठ्ठावीस. कामठी आरामात. रामटेकला पोचायचं तर पलीकडचा अँटेना मैदानापासून सत्तरपंच्याहत्तर मीटर वर, म्हणजे टेकडीवर हवा. वर्ध्याला मध्ये एखादा डिजिपीटर लागेल, म्हणजे तुकडा ऐकून पुन्हा सोडणारं केंद्र. असं केंद्र कायमचं बसवण्याआधी परवानगीचं पक्कं करा.

डिजिपीटर आला की एक नवी अडचण येते. समजा तो सेमिनरी हिल्सवर आहे. कोराडीचा आणि बुटीबोरीचा माणूस दोघेही त्याला ऐकतात, पण एकमेकांना ऐकत नाहीत. दोघांनाही फ्रिक्वेन्सी मोकळी वाटते, दोघेही एकदम सोडतात आणि दोघांचीही पॅकेटं वर जाऊन आदळतात. ही टक्कर पूर्ण टाळता येत नाही, कमी करता येते. पर्सिस्टन्स (सोडण्याची शक्यता, २५६ पैकी) ६३ आणि स्लॉट टाइम (एका फेरीचा वेळ) १०० मिलिसेकंद ठेवा. मग प्रत्येक फेरीला चारात एकदाच सोडण्याची पाळी येते. केंद्रं वाढली तर ६३ चा आकडा आणखी खाली आणा. आपलं पॅकेट लवकर जावं म्हणून हा आकडा वाढवणारा माणूस सगळ्यांचाच वेग मारतो.

१४. अंतराळ स्थानकावरून पॅकेट फिरवता येतं, हे खरं आहे?

खरं आहे. स्थानकावरचा हॅम सेट डिजिपीटर म्हणून चालू असतो तेव्हा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर १२०० च्या वेगात ऐका. पाठवताना मार्गाच्या जागी 'ARISS' ही पाच रोमन अक्षरं लिहा. फेरी जास्तीत जास्त दहा मिनिटांची. डॉपलरमुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत सरकते, पण दोन मीटरवर एफएम सेट तेवढं पोटात घेतो. तुमचं ठिकाण विचारलं तर नागपूरचा ग्रिड चौकोन (हॅम मंडळींची नकाशावरची जागा सांगायची खूण) एमएल९१ आहे.

फुटाळा तलावाच्या काठावर, पश्चिमेला आभाळ मोकळं असतं तिथे, एका संध्याकाळी मी हातात तीन कांड्यांचा यागी अँटेना धरून उभा होतो. लॅपटॉप गाडीच्या बॉनेटवर. पहिली चार मिनिटं काही नाही. मग 'टर्रर्र', आणि पडद्यावर माझाच कॉलसाइन, पुढे स्थानकाच्या कॉलसाइनला तारांकित चिन्ह, म्हणजे चारशे किलोमीटर वरून परत आलेला. शेजारी भुट्टा खात उभा असलेला मुलगा विचारत होता, काका, हे काय वाजलं. त्याला अँटेना धरायला दिला.

१५. यावरून व्हॉट्सॲप किंवा बँकेचं काम चालेल का? संत्र्याचे भाव कळवता येतील का?

तिन्हींना नाही. हौशी बँडवर अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक केलेला मजकूर पाठवणं आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत बसत नाही, आणि व्हॉट्सॲप किंवा बँक तर कुलूपबंदच चालतात. काटोलच्या बागेतल्या मालाचा सौदा हा धंदा झाला, आणि हौशी रेडिओ धंद्यासाठी नाही. पासवर्ड तर कधीच पाठवू नका, तो सगळ्यांना वाचता येतो.

आयपीचं जाळं मात्र उभारता येतं. हौशींसाठी ४४ ने सुरू होणारे आयपी पत्ते १९८१ पासून राखून ठेवलेले आहेत. त्यांतला चौथा हिस्सा २०१९ मध्ये ॲमेझॉनला विकला गेला, बाकीचे आजही हौशींचेच. लिनक्समध्ये एएक्स.२५ ची सोय आहे. फक्त १२०० वर एका पिंगचं उत्तर यायला काही सेकंद लागतात, तेव्हा वेबपान उघडण्याची अपेक्षा ठेवू नका. आतल्या आत मेल आणि मजकूर, एवढंच.

१६. एचएफवर (लांब पल्ल्याच्या, ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात) ३०० चं पॅकेट हिवाळ्यात चाललं, उन्हाळा लागताच बंद पडलं. बँड खराब झाला का?

आधी घरातला कूलर बंद करून बघा, आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही. रेग्युलेटरची गरगर एचएफवर चांगलीच पसरते आणि ३०० च्या पॅकेटमध्ये एक बिट बिघडला की अख्खा तुकडा जातो. एकेक बटण बंद करत जा आणि सेटच्या मीटरवरचा कोलाहल बघत राहा. कोणत्या बटणाला काटा खाली येतो ते वहीत लिहून ठेवा. शेजाऱ्यांचा रेग्युलेटर निघाला तर भांडू नका, त्यांना घरी बोलावून तो आवाज ऐकवा. आमच्या शेजारच्या काकूंनी तो ऐकल्यावर दुसऱ्याच दिवशी जुना, खटक्यांचा रेग्युलेटर बसवून घेतला.

एवढं करूनही तुकडे जात नसतील तर पॅकलेन, म्हणजे तुकड्याची लांबी, २५६ वरून ६४ वर आणा. तुकडा लहान असला की तो कोलाहलाच्या दोन फटक्यांमधून निसटून जातो.